बुजवलेलं रक्त आणि रद्दीत गेलेली भुतं

माझ्या घरी जाड पुठ्ठ्यावर रंगवलेलं एक चित्र आहे. साधारण पंधरा इंच उंच, दहा इंच रुंद, पोस्टर कलरमध्ये केलेलं. पडक्या वाड्याचा जिना आहे, खालच्या पायरीवर कंदील घेऊन उभी असलेली एक बाई आहे आणि तिच्या मागच्या अंधारातून पुढे आलेला एक हात आहे. वरचा एक तृतीयांश भाग मोकळा सोडलेला; तिथं कादंबरीचं नाव यायचं होतं. मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलंय, ‘रुंदी ५ इंच, तिरंगी’. ही सूचना ठसा बनवणाऱ्या कारागिरासाठी. चित्रावर सही नाही.

त्या हाताच्या मनगटाखाली काळ्या रंगाचा एक जाड थर आहे. चित्र खिडकीपाशी तिरकं धरलं की थराच्या कडा उठून दिसतात. एका जागी रंगाचा पापुद्रा उडालाय आणि तिथून खालचा लाल रंग डोकावतो. चित्रकारानं आधी रक्त काढलं होतं, आणि छपाईला जाण्यापूर्वी कुणीतरी ते बुजवलं.

कुणी आणि का, या प्रश्नामागे मी जवळजवळ तीस वर्षं आहे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. सातपूरच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये उमेदीची वर्षं गेली. जे काही शिकलो ते १८४० सालापासून चालत आलेल्या आमच्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, रद्दीच्या दुकानांत आणि जुन्या पेंटर मंडळींच्या पायरीवर बसून. त्यामुळे या लेखात मोठा सिद्धान्त नाही. भीतीची चित्रं कुणी रोखली आणि ती नेमकी कशामुळे नाहीशी झाली, एवढाच हिशेब मांडायचा आहे. हे दोन हिशेब एकच आहेत असं मी बरीच वर्षं समजत होतो. ते तसे नाहीत.

न्यूयॉर्क, १९५४

ही गोष्ट आपल्याकडची असली तरी तिची सुरुवात अमेरिकेत करावी लागते, कारण भयचित्रकथांवरचा सगळ्यात गाजलेला खटाटोप तिथं झाला आणि त्याचे पडसाद थेट आपल्या संसदेपर्यंत आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हॉरर कॉमिक्सचं पीक आलं. त्यात अग्रेसर होती विल्यम गेन्स यांची ‘ई. सी. कॉमिक्स’ ही कंपनी. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’, ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’ आणि ‘द हाँट ऑफ फिअर’ ही तिची तीन भयमासिकं. जॉनी क्रेग, ग्रॅहम इंगल्स, जॅक डेव्हिस, वॉली वुड अशी एकाहून एक तयार मंडळी तिथं चित्रं काढत. इंगल्स यांनी काढलेली कुजकी, गळकी प्रेतं आणि क्रेग यांच्या स्वच्छ, नेटक्या रेषेतली क्रूर माणसं एकाच मासिकात शेजारी शेजारी नांदत.

१९५४ साली फ्रेडरिक वर्दम या मानसोपचारतज्ज्ञाचं ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक आलं. मुलांच्या गुन्हेगारीमागे कॉमिक्सचा मोठा हात आहे, असा त्याचा रोख. त्याच वर्षी २१ एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये सिनेटच्या उपसमितीसमोर गेन्स यांची साक्ष झाली. सिनेटर केफॉवर यांनी ‘क्राइम सस्पेन्स्टोरीज’च्या बाविसाव्या अंकाचं मुखपृष्ठ समोर धरलं. एका माणसाच्या हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात केसांनी धरलेलं बाईचं तुटलेलं मुंडकं. हे सुरुचीला धरून आहे का, असा प्रश्न आला. भयमासिकाचं मुखपृष्ठ म्हणून धरून आहे, असं गेन्स म्हणाले. मुंडकं जरा वर धरलं असतं आणि मानेतून गळणारं रक्त दिसलं असतं, तर ते सुरुचीला सोडून झालं असतं, असंही त्यांनी सांगितलं. हे उत्तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत गाजलं आणि धंदा बुडाला.

हे चित्र जॉनी क्रेग यांचं. त्यांनी आधी केलेलं रूप अधिक रक्तबंबाळ होतं आणि ते सौम्य करायला स्वतः गेन्स यांनीच लावलं होतं. म्हणजे सिनेटच्या आधी, कुठल्याही नियमावलीच्या आधी, प्रकाशकाच्या टेबलावर एक कात्री चाललेली होती. माझ्या पुठ्ठ्यावरचा काळा थर मला पहिल्यांदा ‘समजला’ तो हे वाचल्यावर.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ लागू केला. हा सरकारी कायदा नव्हता. पण कोडचा शिक्का नसलेला अंक वितरक उचलेनात. नावात ‘हॉरर’ किंवा ‘टेरर’ हे शब्द चालणार नाहीत. रक्तपिपासू, चालती प्रेतं, माणसाचे लांडगे चालणार नाहीत. गेन्स यांनी तिन्ही भयमासिकं बंद केली.

पण मूळ चित्रांचं काय झालं? इथं गोष्टीला वेगळं वळण आहे. त्या काळात अनेक कंपन्यांत छपाई झाली की मूळ पानं फेकून देत, कापून टाकत, कुणी मागितलं तर वाटून देत. गेन्स यांनी मात्र जवळजवळ सगळी पानं बांधून जपून ठेवली. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून रस कॉक्रन या संग्राहकानं त्या मूळ पानांवरून पुन्हा छपाई सुरू केली. स्वस्त कागदावर चार रंगांखाली दबलेली रेषा वाचकांना पहिल्यांदा मोठ्या आकारात, काळ्या-पांढऱ्यात दिसली. पुढे ती पानं लिलावात गेली आणि आज ती संग्राहकांकडे आहेत. मासिकांवर जवळजवळ बंदीच आली, पण चित्रं वाचली.

ग्लासगोहून दिल्लीला

याच सुमाराला, सप्टेंबर १९५४ मध्ये, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात शेकडो मुलं चाकू आणि काठ्या घेऊन एका दफनभूमीत शिरली. लोखंडी दातांचं एक रक्तपिपासू भूत दोन मुलांना खाऊन गेलंय आणि त्याला मारायचंय, असं ती सांगत होती. दोष लगेच अमेरिकी कॉमिक्सवर आला. लोखंडी दातांचा प्राणी बायबलमधल्या दानिएलच्या पुस्तकातही आहे, हे लक्षात आणून देणारे होते, पण त्यांचं कोण ऐकतो! १९५५ साली ब्रिटनमध्ये मुलांना घातक अशा प्रकाशनांविरुद्ध कायदा झाला.

आणि पुढच्याच वर्षी आपल्याकडे. १९५६ चा त्र्याण्णवावा कायदा: तरुण व्यक्तींना हानिकारक प्रकाशनांविषयीचा. तो आजच्या वाचकाला फारसा माहीत नसतो. ब्रिटिश कायद्याची छाया त्यावर स्पष्ट आहे. गुन्हे, हिंसा किंवा क्रौर्य, आणि किळसवाण्या वा भयानक घटना, ही तीन कलमं दोन्हीकडे जवळजवळ त्याच शब्दांत येतात.

दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचले तेव्हा मला तीन फरक दिसले. ब्रिटिश कायदा मुख्यतः चित्रांतून सांगितलेल्या गोष्टींपुरता आहे. आपला कायदा चित्रांसह किंवा चित्रांशिवाय सांगितलेल्या गोष्टींनाही लागू होतो. म्हणजे निव्वळ शब्दांतली भयकथाही त्यात येते. ब्रिटनमध्ये संरक्षण सतरा वर्षांखालच्यांसाठी आहे, आपल्याकडे ‘तरुण व्यक्ती’ म्हणजे वीस वर्षांखालची. आणि ब्रिटिश कायदा सुरुवातीला ठरावीक मुदतीपुरता केलेला होता; आपल्या कायद्याला तशी मुदत नव्हती. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. राज्य सरकारला असं प्रकाशन सरकारजमा झाल्याचं जाहीर करता येतं आणि त्याविरुद्ध साठ दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी खात्रीच पटली. माझ्या चित्रातलं रक्त या कायद्यानं बुजवलं!

मराठीत मात्र

खात्री पटली की माणूस पुरावे शोधतो आणि पुरावे शोधायला लागलो की खात्री डळमळते. माझं तेच झालं.

१९५६ नंतर मराठीत काय झालं ते पाहा. बाबूराव अर्नाळकरांचे झुंझार आणि काळापहाड धडाक्यात चालूच राहिले. त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या पुढे गेली. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’नं अद्भुत आणि गूढ कथेला हक्काची जागा दिली. नारायण धारप यांची भयकथा तर या कायद्यानंतरच बहरली. पाठोपाठ रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आल्या. कायदा शब्दांनाही लागू होता, पण मराठी भूत काही घाबरलं नाही.

खटला झाला तो वेगळ्याच कारणासाठी आणि तोही एका दिवाळी अंकावर. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा आरोप झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६९ साली काकोडकर निर्दोष ठरले. आपल्याकडे पहारा होता तो शृंगारावर. भीतीकडे फारसं कुणी बघत नव्हतं.

असं का, याचं माझं उत्तर असं. अमेरिकेत किंवा ग्लासगोत भूत हे बाहेरून आलेलं वाटलं. आपल्याकडे ते घरचं होतं. ‘चांदोबा’ मराठीत १९५२ पासून येऊ लागला. त्यात विक्रम राजा स्मशानातून खांद्यावर प्रेत टाकून निघालाय, हे शंकर यांनी काढलेलं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती कवट्या. ते दर महिन्याला पोस्टानं घरी येई आणि आजी त्यातली गोष्ट वाचून दाखवी. कायद्याचे शब्द तंतोतंत लावले तर ‘भयानक घटना’ याहून वेगळी काय असते? पण ती पुराणी गोष्ट होती, शेवटी कोडं होतं आणि राजा शहाणा होता.

पुढे १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्स समूहानं ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं, तेव्हा ली फॉक यांच्या ‘फँटम’ला मराठीत नाव मिळालं ते ‘वेताळ’. कोकणात आणि गोव्यात ज्याची देवळं आहेत, जो भुतांचा राजा, त्याचं नाव कवटीची अंगठी घालणाऱ्या गोऱ्या नायकाला! त्याची सुरुवातीची रंगीत मुखपृष्ठं बी. गोविंद यांनी रंगवली. आणि इथंही कात्री चालली, पण ती भीतीवर नव्हती. वेताळाचा देश मूळचा ‘बंगाला’. बंगालशी गल्लत नको म्हणून तो ‘डेंकाली’ झाला. समुद्री चाच्यांची ‘सिंग’ टोळी ‘सिंगा’ झाली. पानांत बसावं म्हणून काही चौकटी गाळल्या जात. कवटी तशीच राहिली.

मी स्वतः शाळेत असताना रविवार कारंजाजवळच्या एका लायब्ररीतून पंचवीस पैसे रोजानं वेताळ आणत असे. वडील अर्नाळकर आणत. मुखपृष्ठाकडे आधी बघायचं, मग पुस्तक घ्यायचं, अशी आमची रीत होती. अर्नाळकरांच्या पुस्तकांवरची रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं वडील चष्मा वर करून पाहत. “हा माणूस अंधार रंगवतो,” असं ते एकदा म्हणाले होते.

पेंटरकाकांचं उत्तर

१९९४ सालची गोष्ट. पंचवटीत दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक वृद्ध पेंटर होते. त्यांनी तरुणपणी मुंबईत राहून पॉकेटबुकांची मुखपृष्ठं केली होती, असं कळलं म्हणून मी गेलो. त्यांचं नाव इथं देत नाही. घरच्यांची परवानगी घ्यायला आता तिथं कुणी राहत नाही. दोन-चार रविवार नुसता बसलो, तेव्हा त्यांनी माळ्यावरून कापडात बांधलेलं एक गाठोडं काढलं. त्यात दहा-बारा पुठ्ठे होते. सांगाडे, विहिरी, खिडकीतले चेहरे, एक मांजर. प्रकाशकाकडून परत मिळालेली तेवढीच. बाकी शेकड्यानं केली, ती ठसेवाल्याकडे राहिली.

कंदीलवाली बाई त्यातच होती. मी तो काळा थर दाखवून विचारलं, “काका, हे पोलिसांच्या भीतीनं का?”

ते हसले. “अरे, पोलिसांना कोण विचारतोय! लायब्ररीवाला आधी. ते पुस्तक घरोघरी जायचं. बायका वाचायच्या. लायब्ररीवाला म्हणायचा, असलं मुखपृष्ठ माझ्या फळीवर नको. मग प्रकाशक म्हणायचा, रक्त काढा. आणि खरं सांगू का? रक्त ठशात नीट उतरायचंच नाही.”

हे दुसरं कारण मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. त्या काळी मुखपृष्ठं तिरंगी ठशांवर छापत. मूळ चित्र छापायच्या आकारापेक्षा बरंच मोठं काढायचं. ठसेवाला रंगीत काचांमधून त्याचे वेगवेगळे फोटो घेई, ते जाळीतून तांब्याच्या पत्र्यावर उतरवी आणि आम्लानं कोरी. मग पिवळा, लाल आणि निळा असे ठसे एकावर एक छापायचे. स्वस्त कागद, जाडी जाळी, घाईतलं मशीन. काळ्या अंधारावरचं लाल रक्त अशा छपाईत तपकिरी डागासारखं उमटे. काकांच्या शब्दांत, “चहा सांडल्यासारखं.” म्हणून कधी प्रकाशकाच्या सांगण्यावरून, कधी आपणहून, ते पोस्टर कलरनं बुजवत. आणि गंमत म्हणजे त्यानं चित्र अधिक भीतिदायक व्हायचं, असंही ते म्हणाले. रक्त दिसलं की माणसाला काय झालं ते कळतं. नुसता हात दिसला की कळत नाही.

मी ज्याला सेन्सॉरशिप समजत होतो, ती म्हणजे फळीवरच्या जागेचा हिशेब, छपाईची मर्यादा आणि चित्रकाराची जाण, या तिन्हींची भेसळ होती. गेन्स आणि क्रेग यांच्यात जे घडलं तेही यापासून फार लांब नाही. फरक पुढे पडला.

काकांनी निघताना कंदीलवाली माझ्या हातात ठेवली. “हे तू ने. बाकीचे दिवाळीनंतर ये आणि फोटो काढून घे.” माझ्याकडे कॅमेरा नव्हता. बोनसमधून भाड्यानं आणायचा विचार होता. रविवार, कामाची पाळी, सण असं करता करता भाऊबीज उलटून आठवडा झाला तेव्हा मी गेलो. माळा स्वच्छ पुसलेला होता. सूनबाईंनी चहा दिला आणि सहज सांगितलं, “दिवाळीची साफसफाई केली ना, ते जुने पुठ्ठे दिले रद्दीत. कसर लागली होती.” त्यांचा काही दोष नाही. भुतांची चित्रं, सही नाही, कोपरे खाल्लेले. सणाच्या तोंडावर घरात कोण ठेवील? काका खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत होते. म्हणाले, “जाऊ दे. छापलंय ना सगळं.”

मी त्याच संध्याकाळी भद्रकालीतल्या रद्दीवाल्यांकडे फिरलो. माल सकाळीच गेला होता.

हिशेब

तर हिशेब असा आहे. अमेरिकेत कोड आला, मासिकं मेली, चित्रं वाचली. कारण एका माणसाला ती फेकवली नाहीत. आपल्याकडे कायदा कडक होता, पण भयकथा जगली आणि तिची मूळ चित्रं मात्र गेली. ती कुणी जप्त केली नाहीत, कुणी जाळली नाहीत. ठसा झाला की चित्राचं काम संपलं, असं चित्रकार, प्रकाशक, वाचक असे आपण सगळेच मानत होतो. ठसेसुद्धा पुढे धातूच्या भावानं विकले गेले.

नाशिककरांना हे नवीन नसावं. चित्रपट काढण्याआधी दादासाहेब फाळके स्वतः ठशांचं आणि छपाईचं काम करत. तिरंगी छपाईच्या यंत्रांसाठी ते १९०९ मध्ये जर्मनीला गेले होते. त्यांच्या जवळजवळ शंभर चित्रपटांपैकी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, तेही बरेचसे तुकड्यांत उरलेत. त्यांच्यावरही कुणी बंदी घातली नव्हती.

दीनानाथ दलाल, मुळगावकर अशा मोठ्या चित्रकारांची मूळ चित्रं आता लोक जपू लागलेत. पण सही नसलेली, पाच इंच रुंदीची, तिरंगी कामं कुणाच्या नजरेत नाहीत. मराठी माणूस नेमका कशाला घाबरत होता, कुठला वाडा, कुठली विहीर, कुठल्या कपड्यातली बाई त्याला भीतिदायक वाटे, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कशात उतरलेलं नाही. छापील प्रतीवरून ते पूर्ण कळत नाही. बुजवलेलं रक्त छापील प्रतीत दिसत नाही. त्याला पुठ्ठाच लागतो.

हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर बहुतेक घरांतली साफसफाई उरकलेली असेल. तरी माळा राहिला असेल, वडिलांची किंवा आजोबांची एखादी पेटी उघडायची असेल, कुणी नातेवाईक प्रेसमध्ये, ठशांच्या कारखान्यात, पाट्यांच्या दुकानात काम केलेले असतील, तर एक विनंती आहे. पुठ्ठ्यावर रंगवलेलं काही सापडलं तर ते गुंडाळू नका, दुमडू नका, प्लास्टिकमध्ये बंद करू नका. दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा. मागं पेन्सिलीनं लिहिलेलं काही असेल तर पुसू नका. माझ्या चित्राची निम्मी ओळख त्या चार शब्दांतच आहे. कुणी काढलं हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. फोटो तर आता खिशातल्या फोनवरही निघतो.

मला कॅमेरा मिळेपर्यंत तीन आठवडे लागले होते.